गोदाकाठाने चालणाऱ्यांनो, सायकलवाल्यांनो, इथे लिहा

नाशकात नदीकाठी फिरायला जाणारी मंडळी दोन ठिकाणची. गंगापूर रोडकडची गोदापार्कात जातात, जुन्या गावातली गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर. मधली वाट सलग नाही, त्यामुळे दोघांची गाठ फारशी पडत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं काढलेली आहेत, तेव्हा रोज जाणाऱ्यांचं म्हणणं एका जागी जमलेलं बरं. रामकुंडाचे फोटो सगळ्यांकडे आहेत, ते नकोत. कुठून शिरता, कुठे अडता, पावसाळ्यात काय करता, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. मी आसाराम पुलाकडून आत शिरतो. पूर ओसरल्यावर पहिल्यांदा जाल तेव्हा रेलिंगकडे बघा. गजागजाला पाणवेलींच्या वाळक्या मुळ्या, कॅरीबॅगा, कोणाच्या तरी साडीचा काठ, आणि सगळं एकाच दिशेला विंचरल्यासारखं. मग मान वर करून करंजाच्या फांद्या बघा, तिथेही तेच लटकलेलं. पाणी कुठवर चढलं होतं ते पाटी न वाचता कळतं. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर इथे काय उरलं होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ‘काठावर कारंजी आणि लेझर शो’ असलं काही ऐकलं की हसू येतं. पात्रालगत बांधाल ते नदी अधूनमधून तपासून जाणारच. टिकली ती झाडं, आणि साधी मुरमाची वाट.

पंचवटीकर

तुमच्या करंजाआधी आमचा नदीपात्रात उभा दुतोंड्या मारुती आहे हो! गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. क्युसेकचा आकडा टीव्हीवर यायच्या आत अख्ख्या गावाला पूर कळतो. कमरेच्या वर गेलं की भांडी बाजार, सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर चढायला लागतो.

माझं चालणं म्हणजे पहाटे रामकुंड, गांधी तलाव, पुढे गाडगे महाराज पुलापर्यंत आणि परत. त्या वेळी घाटावर पिंडदानाला आलेली बाहेरगावची माणसं असतात, कपडे बदलायच्या जागा शोधणाऱ्या बाया असतात, त्यांच्यातून वाट काढायची. तुम्ही याला ट्रॅक म्हणणार नाही, पण हा घाट तुमच्या गोदापार्काच्या कितीतरी आधीपासून चालण्याचाच आहे. बुधवारी मात्र सुट्टी. बाजार भरतो, कोथिंबिरीच्या गड्ड्यांवर पाय पडला तर बाई सोडत नाही.

सायकल आणि मी

खरं सांगू का, नदीकाठाने सायकल चालवतच नाही. पायऱ्या येतात, पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात, पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि बारीक टायर जागच्या जागी घसरतो. समोरून चार काका खांद्याला खांदा लावून येत असतात, घंटी वाजवली तर असे बघतात, जणू मीच त्यांच्या घरात शिरलोय. (चूक त्यांची नाही. वाट चालणाऱ्यांच्या मापाची आहे.)

डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर या गावात सायकली किती वाढल्या ते आपण बघितलं. पण पहाटे ही सगळी मंडळी कुठे असतात? त्र्यंबक रोडला, नाहीतर सोमेश्वरवरून गंगापूर धरणाकडे, डंपरच्या शेजारून. ज्या गावात नदी पश्चिमेकडून शिरून अख्ख्या वस्तीतून वाहत जाते, त्या गावात पोराला सायकलवर शाळेत पाठवायला काठाची वाट असू नये? रंगीत डांबर नको, दिव्यांच्या कमानी नकोत. चालणारे आणि सायकलवाले यांच्यात एक हातभर उंचवटा द्या, झालं.

गंगापूर रोडवाली

आमच्या ग्रुपची हद्द दिवे ठरवतात. जिथला खांब लागलेला असतो तिथपर्यंत जायचं, पुढे अंधार दिसला की मागे वळायचं. पुरुषमंडळी म्हणतात पुढचा भाग काय सुंदर आहे! असेल. हिवाळ्यात साडेसहालाच काळोख होतो, तेव्हा आम्ही तो बघायचा कधी? आणि एवढ्या लांबीत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, यावर एक ओळ कोणी लिहिली का वर?

वडिलांना घेऊन जाणारा

बाबा व्हीलचेअरवर. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी आडवे-उभे पाइप लावलेत. मोटरसायकलवाली पोरं गाडी तिरकी करून सफाईने आत जातात. अडतो तो आमचा बाबा. मग मी खुर्ची मिटवतो, कोणीतरी अनोळखी माणूस बाबांना धरतो, मी पलीकडे जाऊन खुर्ची उघडतो. माणसं मदत करतात, तक्रार तिथे नाही. पण बाबा आता ‘राहू दे रे, गच्चीवरच बसू’ म्हणतात. पाइपमधलं अंतर खुर्चीच्या रुंदीला मोजून ठेवलं असतं, तर काय बिघडलं असतं?

नाक असलेला

वासाबद्दल कोणीच कसं लिहीत नाही भो? वर सोमेश्वरला पाणी वेगळं, गावातले नाले मिळाल्यावर वेगळं. उन्हाळ्यात वरून पाणी सुटत नाही, मग जे वाहतं त्यात गंगा किती आणि गटार किती तुम्हीच ठरवा. आधी सांडपाणी अडवा, मग बाकं टाका.

खंड्या

वरच्यांशी सहमत, तरी एक सांगतो. नवशा गणपतीच्या बाजूला सकाळी लवकर जा. वंचक बगळा काठावर इतका गप्प उभा असतो की तुम्ही दगड समजून पुढे जाता आणि तो पांढरे पंख उघडून उडतो. काठाची झुडपं ‘स्वच्छता’ म्हणून साफ केली की हे सगळे जातात. झुडूप म्हणजे कचरा नाही, एवढं कोणीतरी ठेकेदाराला सांगा.

धागाकर्ता

पंचवटीकर, एक काम करू या का? नवशा गणपतीपासून तपोवनात कपिला संगमापर्यंत एकदा सलग चालून बघू. वाट जिथे तुटते तिथे नकाशावर खूण करायची, पायऱ्या आणि पाइप मोजायचे. व्हीलचेअरवाल्यांचं माप आधी घेऊन ठेवतो.

पंचवटीकर

येतो. रामवाडी पुलाशी मला घ्या. वाघाडी नाला ओलांडताना घाण आहे, जुने बूट घाला. बुधवार सोडून कधीही.

गंगापूर रोडवाली

आम्ही चौघी येतोय. सकाळी ठेवा, आणि मोजायच्या यादीत स्वच्छतागृहं पहिली.