मदत हवी आहे: जेट्सने क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीच्या पिक्स द्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नियमित बघणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या घरात न्यूयॉर्क जेट्स सोडून दुसऱ्या टीमचं नाव निघत नाही. आज नोव्हेंबर २०२५च्या मध्याला जेट्सचे २ विजय आणि ८ पराभव आहेत. पहिले ७ सामने ओळीने हरले. जस्टिन फील्ड्स या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) २ वर्षांसाठी ४ कोटी डॉलर्सच्या कराराने आणलं होतं, त्याला आता बाकावर बसवलंय आणि पुढच्या सामन्यात ३६ वर्षांचा टायरॉड टेलर खेळणार आहे. ही टीम २०१०च्या सीझननंतर प्लेऑफमध्ये गेलेली नाही. इतका लांब दुष्काळ सध्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

मात्र एक गोष्ट या वेळी वेगळी आहे. ४ नोव्हेंबरला, ट्रेडच्या शेवटच्या दिवशी, जेट्सने आपले दोन सर्वोत्तम बचावपटू देऊन टाकले. सॉस गार्डनर इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला, बदल्यात २०२६ आणि २०२७च्या पहिल्या फेरीच्या पिक्स (कॉलेज खेळाडू निवडण्याचे हक्क, खाली सांगतो) आल्या. क्विनन विल्यम्स डॅलस काऊबॉइजकडे गेला, त्याच्या बदल्यात २०२७च्या पहिल्या फेरीची आणि २०२६च्या दुसऱ्या फेरीची पिक मिळाली. म्हणजे स्वतःच्या धरून २०२६मध्ये पहिल्या फेरीच्या २ पिक्स आणि २०२७मध्ये ३.

माझ्या मुलाचं म्हणणं असं की हे सगळं एकत्र बांधून द्यावं, गरज पडली तर थेट पहिल्या क्रमांकावर जावं आणि हवा तो क्वार्टरबॅक घ्यावा. मला ते पटत नाही. पण माझी कारणं बरोबर आहेत का, हे मला तुमच्याकडून तपासून हवं आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये क्रमांक बोलतो. गेल्या सीझनमध्ये सगळ्यात वाईट खेळलेली टीम कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड करते, अशा ७ फेऱ्या होतात. हा निवडीचा हक्क म्हणजे पिक, आणि तो विकता येतो, अगदी पुढच्या वर्षांचासुद्धा. २०११च्या करारापासून नवीन खेळाडूंचा पगार क्रमांकानुसार बांधलेला आहे. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचे ७.८ कोटी डॉलर्स मिळणार होते, पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला ४ वर्षांचे सुमारे २.२ कोटी. त्यामुळे तरुण क्वार्टरबॅक चांगला निघाला तर पहिली काही वर्षं तो स्वस्तात पडतो आणि वाचलेल्या पैशात बाकीची टीम बांधता येते. सगळ्यांचा जीव वर जाण्यात अडकतो तो यासाठी.

आता जेट्सचा अनुभव. २०१८मध्ये सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी कोल्ट्सला त्याच वर्षीच्या ३७ आणि ४९ क्रमांकाच्या पिक्स आणि २०१९ची दुसरी फेरी दिली. काऊबॉइजने कोच जिमी जॉन्सनच्या काळात, ९०च्या दशकाच्या सुरुवातीला, प्रत्येक पिकला गुण देणारा एक तक्ता केला होता, तो आजही मोजमापासाठी वापरतात. त्यात पहिल्या पिकला ३००० गुण, तिसऱ्याला २२००, सहाव्याला १६००. म्हणजे फरक ६०० गुणांचा. ३७ला ५३० आणि ४९ला ४१०, मिळून ९४०, वर पुढच्या वर्षीची दुसरी फेरी. भाव किती चढा होता ते यातच दिसतं. त्या भावात सॅम डार्नल्ड मिळाला. कोल्ट्सने सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा गार्ड (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतला, म्हणजे लाइनमधला खेळाडू) घेतला, तो पहिल्याच वर्षी ऑल-प्रो (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला, आणि ३७वर ब्रेडन स्मिथ हा टॅकल (लाइनमधलाच), तोही वर्षानुवर्षं त्यांच्या लाइनमध्ये खेळतोय.

पण मला जास्त बोचतं ते पुढचं. डार्नल्डचा पहिला सीझन संपला आणि कोच बदलला. ॲडम गेस आला, दोन वर्षांनी तोही गेला आणि २०२१मध्ये डार्नल्डला कॅरोलिना पँथर्सकडे पाठवून दिलं. हाच माणूस २०२४मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून १४ सामने जिंकला. त्याच्या आधी जीनो स्मिथचं असंच झालं. २०१३मध्ये जेट्सनेच त्याला ड्राफ्ट केलं, इथे त्याचं काही जमलं नाही, आणि २०२२मध्ये सिॲटलकडून खेळताना तो कमबॅक प्लेअर ऑफ द इयर ठरला. खेळाडू तेच, घर बदललं. म्हणून मला वाटतं, किती पिक्स द्यायच्या हा प्रश्न दुसरा. ज्या हातात तो तरुण खेळाडू पडणार ते हात तयार आहेत का, हा पहिला.

तयार क्वार्टरबॅक आणायचा मार्गही करून झाला. २०२३मध्ये ॲरन रॉजर्ससाठी पहिल्या फेरीत १३ऐवजी १५ क्रमांक घेतला, वर त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची दुसरी फेरी त्याच्या टीमला, ग्रीन बे पॅकर्सना, दिली. पहिल्याच सामन्यात, चौथ्या प्लेला, त्याच्या टाचेची शीर तुटली. त्या रात्री बफेलो बिल्सविरुद्धचा सामना जेट्सने ओव्हरटाइममध्ये जिंकला होता, तरी आमच्या घरात कोणी जेवलं नाही. पुढच्या वर्षी तो पूर्ण सीझन खेळला आणि टीम ५-१२ (५ विजय, १२ पराभव) राहिली.

इतर टीम्सचे सौदे मी जमवले, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. मुलगा नेहमी कॅन्सस सिटीचं उदाहरण देतो. चीफ्सनी २०१७मध्ये २७वरून १०वर जाण्यासाठी तिसरी फेरी आणि २०१८ची पहिली फेरी बिल्सना दिली आणि पॅट्रिक महोम्स घेतला. खरं आहे. पण त्याआधीच्या सीझनमध्ये चीफ्स १२-४ होते, अँडी रीड कोच म्हणून स्थिरावलेले होते, आणि महोम्स जवळजवळ अख्खं पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला. रॅम्सनी मॅथ्यू स्टॅफर्डसाठी दोन पहिल्या फेऱ्या, एक तिसरी फेरी आणि जॅरेड गॉफ दिला आणि त्याच सीझनमध्ये सुपर बोल जिंकला. तीही आदल्या वर्षी १०-६ची टीम होती.

याउलट कॅरोलिना पँथर्स. २०२३मध्ये पहिल्या क्रमांकासाठी त्यांनी शिकागो बेअर्सना ९ आणि ६१ क्रमांकाच्या पिक्स, २०२४ची पहिली फेरी, २०२५ची दुसरी फेरी आणि वर डीजे मूर हा आपला सगळ्यात चांगला रिसीव्हर दिला. ब्राइस यंग आला, पण त्याचा चेंडू झेलणारा भरवशाचा माणूस त्याच सौद्यात गेला. ११ सामन्यांनंतर कोच फ्रँक राइकला काढलं, सीझन २-१५ संपला. त्यामुळे बेअर्सना दिलेली २०२४ची पिक पहिल्या क्रमांकाची निघाली आणि त्यांनी केलेब विल्यम्स घेतला. पडत्या टीमने पुढच्या वर्षीची पहिली फेरी देणं सगळ्यात महाग पडतं ते यामुळे. आपण हरलो की समोरच्याला दिलेल्या पिकची किंमत आपोआप वाढते.

वाईट टीम्स सावरल्याच नाहीत असंही नाही. ह्यूस्टनने २०२३मध्ये सीजे स्ट्राउड घेतला आणि वॉशिंग्टनने २०२४मध्ये जेडन डॅनियल्स, दोघेही दुसऱ्या क्रमांकावर, स्वतःच्या पिकवर, कोणाला काही न देता. वॉशिंग्टन ४-१३वरून १२-५वर गेलं. माझा कल या रस्त्याकडे आहे: आपल्या क्रमांकावर जो येईल तो घ्यावा, तो क्वार्टरबॅक नसेल तर टॅकल घ्यावा, आणि २०२७च्या तीन पिक्सना आत्ता हात लावू नये.

तर जाणकारांनी पुढच्या गोष्टींवर मत द्यावं.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर जायला २०२७ची एक पहिली फेरी मागितली, तर ती द्यावी का? तेवढी एकच, आणि तीही स्वतःची नव्हे तर कोल्ट्सची?

नवीन मुलाला पहिलं वर्ष बसवून ठेवायचं तर समोर कोण खेळवायचा? टेलरचं वय बघता मला ते अवघड वाटतं.

शार्लटमधल्या (पँथर्सच्या शहरातल्या) मंडळींना खास विनंती. ब्राइस यंगला २०२४मध्ये बाकावर बसवलं आणि नंतर तो परत आला, तेव्हा बरा खेळला. त्यात कोचचा वाटा किती आणि लाइनचा किती? तुम्ही ते सामने बघितलेत, आम्हाला बाहेरून नीट कळलं नाही.

प्रतिसादांनंतरची भर

सगळ्यांचे मनापासून आभार. काही मुद्द्यांनी मला विचार करायला लावला, ते इथेच लिहितो.

बफेलोचं उदाहरण दोघांनी दिलं. २०१८मध्ये बिल्स १२वरून ७वर गेले, दोन दुसऱ्या फेरीच्या पिक्स दिल्या आणि जॉश ॲलन घेतला. आदल्या वर्षी ते ९-७ होते आणि प्लेऑफला गेले होते, त्यामुळे तळातली टीम म्हणता येणार नाही. पण पुढच्या वर्षांच्या पिक्स त्यांनी दिल्या नाहीत, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. इतकाच खर्च असेल तर मी मुलाच्या बाजूने येतो.

गॉफच्या उदाहरणाची ज्यांनी आठवण करून दिली त्यांचे विशेष आभार. २०१६मध्ये रॅम्सनी त्याच्यासाठी टेनेसीला भरमसाट पिक्स दिल्या, पहिल्या वर्षी तो सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला. मग शॉन मॅकव्हे कोच झाला आणि पुढच्या वर्षी टीम ११-५. म्हणजे पडत्या टीमने महागडा सौदा केला आणि तो फळलाही, फक्त कोच बदलल्यावर. हे मला माझ्या मुद्द्याला धरूनच वाटतं, पण मुलगा म्हणतो की आधी क्वार्टरबॅक आला म्हणूनच चांगला कोच आला. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

एकाने केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या संशोधनाबद्दल लिहिलं, त्यावर रात्री आम्ही दोघं बसलो. त्यांचा निष्कर्ष असा की टीम्स वरच्या पिक्सना वाजवीपेक्षा जास्त किंमत देतात, आणि एकाच जागेवर खेळणाऱ्या लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त असते. हे वाचून मुलगा पहिल्यांदा गप्प झाला. पण मग त्याने विचारलं की क्वार्टरबॅकलाही हाच हिशेब लागू होतो का, कारण त्या एका जागेवर सगळा खेळ चालतो. रास्त प्रश्न आहे.

न्यूयॉर्क जायंट्सबद्दलही विचारणा झाली, कारण त्यांचं आणि जेट्सचं मैदान एकच. त्यांनी यंदा जॅक्सन डार्ट या क्वार्टरबॅकसाठी ३४वरून २५वर जायला ९९ क्रमांकाची पिक आणि २०२६ची तिसरी फेरी ह्यूस्टनला दिली. भाव चांगला, डार्ट खेळतोयही चांगला, पण त्याला निवडणाऱ्या कोच ब्रायन डेबोलना गेल्याच आठवड्यात काढलं. आता नवीन येणाऱ्या कोचला तो आवडेल की नाही हे कोणाच्याच हातात नाही. जेट्सनी हे टाळायला हवं. जेट्सचा कोच ॲरन ग्लेनचं हे पहिलंच वर्ष आहे. त्याला आणि जनरल मॅनेजर डॅरेन मौगीला २०२७पर्यंत तरी ठेवणार असतील तरच क्वार्टरबॅकवर खर्च करावा, नाहीतर पिक्स नव्या कोचसाठी राखून ठेवाव्यात. या मतावर मी आता आलो आहे.

एक प्रश्न मात्र अजून कोणी घेतलेला नाही. कोल्ट्सनी दिलेली २०२६ची पिक, ते सध्या जिंकतायत त्यामुळे, पहिल्या फेरीच्या तळाशी येईल असं दिसतं. ती लाइनसाठी वापरावी, की बाल्टिमोरने २०१८मध्ये ३२व्या क्रमांकावर लमार जॅक्सन घेतला तशी त्या जागी क्वार्टरबॅकसाठी ठेवावी? यावर वाचायला आवडेल.