सिव्ह ६: पोर्तुगाल घेऊन खेळताना स्पीड कोणतं ठेवू?

धबधबा_साखळी

नमस्कार मंडळी. सध्या सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममध्ये पोर्तुगाल घेऊन खेळतोय. स्टँडर्ड स्पीड, कॉन्टिनेंट्स, नकाशाही स्टँडर्ड साइझचा. कार्टोग्राफीचं संशोधन हाती आलं की नाऊ (पोर्तुगालची खास जहाजं) बांधायला घेतो, पलीकडच्या खंडावर दोन-तीन फैतोरिया (परक्या किनाऱ्यावरची व्यापारी ठाणी) उभ्या राहतात न राहतात तोच स्टीम पॉवरचं संशोधन येतं आणि नाऊ बांधणं बंद होतं. पोर्तुगाल घ्यायचं तेच मुळी फैतोरियांसाठी, आणि नेमकं तेच घाईत उरकावं लागतं.

एका मित्राने मॅरेथॉन, म्हणजे सगळ्यात हळू स्पीड, लावायला सांगितलं. लावलं. पहिला वॉरियर तयार व्हायला २४ टर्न! तोवर नुसतं नेक्स्ट टर्न दाबत बसायचं. मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये कामाला आहे, घरी पोचून जेवण होईपर्यंत रात्र होते. खेळायला मिळतो जेमतेम दीड तास. तेवढ्यात काहीच घडलं नाही की रात्र फुकट गेल्यासारखी वाटते.

दुसरं म्हणजे चवथीला बेळगावहून मावसभाऊ येणार आहे. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने, म्हणजे हॉटसीट खेळायचा बेत आहे. त्यासाठी वेगळं स्पीड ठेवू का?

सत्तरीकर_ताई

स्पीड बदललं की काय बदलतं आणि काय जागच्या जागी राहतं, हे आधी डोक्यात पक्कं कर. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून आकड्यांतच सांगते.

बदलतात त्या किमती. स्टँडर्डला १०० धरलं तर ऑनलाइन ५०, क्विक ६७, एपिक १५०, मॅरेथॉन ३००. एकूण टर्नही त्याच प्रमाणात: २५०, ३३०, ५००, ७५० आणि १५००. वॉरियर स्टँडर्डला ४० प्रॉडक्शनचा, मॅरेथॉनला १२०चा. राजधानी टर्नला ५ प्रॉडक्शन देत असेल तर स्टँडर्डला ८ टर्न आणि मॅरेथॉनला २४. तुझे २४ इथून आले.

पण तो वॉरियर टर्नला चालतो मात्र सगळीकडे दोनच टाइल (नकाशावरची घरं). नाऊ चारच. जखमी युनिट तटस्थ जमिनीवर टर्नला १० पॉइंट सावरतं, तेही प्रत्येक स्पीडला तेवढंच. म्हणजे बांधायला आणि शिकायला लागणारा वेळ ताणला जातो. चालायला, लढायला, बरं व्हायला लागणारा नाही. सगळी मजा आणि सगळा कंटाळा या एका फरकातून येतो.

आता फैतोरियांचा हिशेब करू. समजा कार्टोग्राफी ते स्टीम पॉवर स्टँडर्डला ४० टर्न मिळतात. एपिकला ते ६० होतील, मॅरेथॉनला १२०. पण नाऊची किंमतही त्याच पटीत वाढते. त्यामुळे त्या काळात तुझ्या बंदरांतून सहा नाऊ निघत असतील, तर त्या कुठल्याही स्पीडला सहाच निघणार. म्हणजे तुझी अर्धी तक्रार स्पीडची नाहीच, प्रॉडक्शनची आणि पैशाची आहे. दोन हार्बर बांधले की कार्टोग्राफीचा युरेका (संशोधनात सूट) मिळतो, ते वेळेत बांध. पोर्तुगालला परदेशी व्यापारातून पन्नास टक्के जास्त मिळतं, ते सोनं साठवून ठेव आणि कार्टोग्राफी आल्याबरोबर दोन नाऊ विकतच घे. स्टीम पॉवरकडे जाणारं संशोधन मुद्दाम मागे ठेव, त्यासाठी कोणी तुला धरून मारत नाही.

उरलेली अर्धी तक्रार मात्र स्पीडचीच. तुझा नकाशा ८४ टाइल रुंद, कडेला कड जोडलेला. म्हणजे पूर्व-पश्चिम जास्तीत जास्त ४२ टाइलचं अंतर. चार-चार टाइलने सरळ गेलं तर ११ टर्न. भूशिरांना वळसे, अनोळखी पाणी धरून १५ म्हण. स्टँडर्डला ४० पैकी १५ टर्न म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त काळ नुसत्या वाटेत गेला. एपिकला ६० पैकी १५, पाव. मॅरेथॉनला १२० पैकी १५, आठवा हिस्सा. फैतोरिया जितकी लवकर उभी राहील तितका तिचा व्यापार जास्त काळ पदरात पडतो. प्रत्येक नाऊला दोन फैतोरिया बांधता येतात, त्यामुळे दुसऱ्या शहरापर्यंतचा प्रवासही यातच धर.

मग मॅरेथॉन का नको? कारण सुरुवातीला तुझ्याकडे एक शहर आणि एक-दोन युनिट असतात. वाढलेल्या टर्नमध्ये हलवायलाच काही नसतं. मॅरेथॉन शोभतं ते जमिनीवरच्या लढाईला, जिथे वीस युनिट रोज इकडचे तिकडे होतात आणि तिरंदाज जुने होण्याआधी तीन शहरं घेता येतात. तिथे जखमी वॉरियर मागे आणून दहा टर्नमध्ये ठणठणीत करायचा, कारण तो मेला तर नवा बांधायला २४ टर्न. पोर्तुगालचं तसं नाही. तुझ्यासाठी एपिक.

एक सांगून ठेवते, कोपऱ्यातल्या सालाकडे बघून वेग ठरवू नकोस. स्टँडर्डला १५०० ते १८०० या काळात एक टर्न म्हणजे पाच वर्षं. वास्को द गामा १४९७च्या जुलैत लिस्बनहून निघाला आणि १४९८च्या मेमध्ये कालिकतला पोचला. तुझ्या नाऊला तेवढ्याच वाटेला पाऊणशे वर्षं लागलेली दिसतील. टर्न मोज, वर्षं नको.

अंत्रुजकर

ताईंचा हिशेब चोख आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. अंतर जास्त वाटतंय तर अंतर कमी करा की! टायनी नकाशा ६० टाइल रुंद. म्हणजे जास्तीत जास्त ३० टाइल, सरळ आठ टर्न, वळसे धरून ११. स्टँडर्ड स्पीडवरच ४० पैकी ११, पावाच्या आसपास. जवळपास ताईंच्या एपिकइतकंच, आणि टर्न २५० कमी. ज्याला रात्रीचा दीड तास मिळतो त्याला ७५० टर्नचा गेम सांगणं मला पटत नाही. मध्येच सुट्टीचा खंड पडला की कुठलं जहाज कुठे चाललं होतं तेही आठवत नाही.

मी सिव्ह ४ पासून खेळतोय. त्यात मॅरेथॉनला बाकी सगळं तिप्पट आणि युनिट मात्र दुप्पटच महाग. ज्याला लढाई जमते त्याच्यासाठी तो गेम अर्धा जिंकलेलाच असायचा. सिव्ह ६ मध्ये युनिटही तिप्पट झाले, ते बरं झालं. तरी हळू स्पीडचा फायदा माणसालाच जास्त, असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्युटरला शहर वसवता येतं, सैन्य मांडता येत नाही. लढायला जितके जास्त टर्न तितका तो उघडा पडतो. युरेकाचंही तेच. स्लिंगरने (गोफणवाल्याने) एक युनिट मारलं की आर्चरीचं संशोधन स्वस्त होतं. मॅरेथॉनला तीन मारावे लागत नाहीत, एकच पुरतो आणि शोधायला वेळ तिप्पट. ऑनलाइनला उलट, कोणी मारायला सापडण्याआधीच आर्चरी शिकून झालेली असते.

सत्तरीकर_ताई

अंत्रुजकर, अंतराचं तुम्ही म्हणता ते बरोबर. पण टायनीवर मुळात चारच देश धरलेले असतात. पोर्तुगालचा राजा जुआंव, त्याला प्रत्येक नव्या देशाची ओळख झाली की एक व्यापारी मार्ग वाढून मिळतो. देश कमी म्हणजे मार्गही कमी. आणि फैतोरिया एकमेकींना लागून चालत नाहीत, किनाऱ्यावर बोनस किंवा लक्झरी रिसोर्सही शेजारी हवा. लहान नकाशावर जागा पटकन संपतात. तुमचा उपाय दुसऱ्या कुठल्याही देशाला लागू पडेल, पोर्तुगालला नाही. हवं तर मधला स्मॉल घ्यावा, ७४ टाइलचा, एपिकवर. आणि बाबा, दीड तासात एपिकचे टर्न जास्त होतात हेही धरा. बहुतेक टर्नला करायचं कमी असतं, ते भराभर जातात.

मांडवीपार

मी फक्त हॉटसीटचं सांगतो. तिथे ऑनलाइन स्पीडशिवाय दुसरं काही लावू नकोस. एकजण खेळतो तेव्हा दुसरा शेजारी बसून नेवऱ्या खात असतो. त्याची पाळी येईपर्यंत काही घडलेलं नसेल तर तो उठून आरतीला जातो तो परत येत नाही. २५० टर्न, ड्युएल साइझचा ४४ टाइलचा नकाशा, तुम्ही दोघंच. पोर्तुगाल घेऊ नका त्यात, दोघांच्या नकाशावर तो उपाशी मरतो.

आणि ज्या स्पीडबद्दल इथे कोणी बोललंच नाही ते म्हणजे पडद्यावरचं. ऑप्शन्समध्ये क्विक कॉम्बॅट आणि क्विक मूव्हमेंट दोन्ही चालू कर. प्रत्येक युनिट तालेवारासारखं चालत जाताना आणि तलवार फिरवताना बघायला पहिल्या दिवशी छान वाटतं, नंतर रात्रीच्या दीड तासातला मोठा भाग त्यातच जातो. लॅपटॉप जुना असेल तर स्ट्रॅटेजिक व्ह्यू लाव, चित्रं सपाट होतात पण पंखा ओरडत नाही. ऑटोसेव्ह दर टर्नला ठेव. पावसात आमच्याकडे वीज जाते, तुमच्याकडे साखळीलाही जात असणारच, आणि लॅपटॉपची बॅटरी कितीशी टिकते ते तुला ठाऊक.

धबधबा_साखळी

ताई, अंत्रुजकर, मांडवीपार, मनापासून आभार. नाऊ सगळ्या स्पीडला तेवढ्याच निघणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सोनं साठवून विकत घ्यायचं पटलं. क्विक मूव्हमेंट आत्ताच चालू केलं, खरंच फरक पडतो. हॉटसीटला ऑनलाइन आणि ड्युएल नक्की. एकट्यासाठी स्मॉल नकाशा आणि एपिक लावून बघतो. शेवटचं एक विचारतो ताई, एपिक कंटाळवाणं वाटलं तर मध्येच स्टँडर्डवर आणता येतं का?

सत्तरीकर_ताई

नाही रे. गेम सुरू करताना निवडलं ते शेवटपर्यंत. म्हणून पहिले शंभरेक टर्न खेळून बघ. दुसरं-तिसरं शहर वसलेलं असेल, दोन गॅली (सुरुवातीची जहाजं) किनाऱ्याने फिरत असतील आणि तरीही हात रिकामे वाटत असतील, तर तिथेच सोडून तोच नकाशा स्टँडर्डवर घे. नकाशाचा सीड नंबर आधी लिहून ठेव, सेटअपमध्ये तो टाकला की तीच जमीन परत मिळते. आणि पहिलं शहर किनाऱ्यावरच वसव, सेलिंगचा युरेका तिथेच मिळून जातो.