पाढे पाठ करून घेताना तुमच्या घरी काय काय झालं?

लेक तिसरीत आहे. सातच्या पाढ्यावर गाडी अडली आहे. "सात सक" म्हटलं की पंख्याकडे बघत बसते. सासूबाई म्हणतात, रोज दिवेलागणीला परवचा म्हणायला बसव. नवरा म्हणतो, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे ना! मला तीसपर्यंतचा अट्टहास नाही, दहापर्यंत पक्के झाले तरी पावलं. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं ते लिहा. उपदेश नकोत, अनुभव हवेत.

नऊवारी आजी
आम्ही हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायचो, लगेच पाढे. तीसपर्यंत झाले की अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, धाकटा भाऊ पेंगलेला असायचा. शंभरापुढे बारोत्तरशे (११२), विसासे (१२०) असली भाषा. अर्थ कोणाला कळत होता? तोंडात बसलं ते बसलं. नातवाला मी मुद्दाम पाढे म्हणायला बसवत नाही. भाकरी थापताना "आठ एके आठ" म्हणते, पुढचं त्यानं म्हणायचं. तो अडला की माझा हात थांबतो आणि भुकेपोटी स्वारी पटकन आठवते.

किराणावाला
आजी, औटकी अजून कामाची आहे हो. ५२ रुपये किलोचे साडेतीन किलो तांदूळ मोजले की वडील मान वर न करता "एकशे ब्याऐंशी" म्हणायचे. मला मशीन लागतं. सुट्टीत पोराला गल्ल्याशेजारी बसवतो आणि बिल आधी त्याला सांगायला लावतो. ओळखीची गिऱ्हाइकं थांबतात, बाकीची कटकट करतात.

झेडपीचे गुरुजी
सुरात पाढे म्हणणाऱ्या वर्गाला मी एकदम "सात आठे?" विचारतो, तेव्हा निम्मी पोरं ओठातल्या ओठात "सात एके" पासून सुरुवात करतात. सूर हवाच, पण तेवढ्यानं भागत नाही. आम्ही आधी चिंचोक्यांच्या ओळी मांडतो. सात चोक आणि चार साती एकच, हे पोरं स्वतः बघतात. मग तक्त्यावर जुळी उत्तरं खोडायची. २ ते ९ च्या पाढ्यांत २ ते ९ पटींची ६४ उत्तरं असतात, त्यातली ३६ उरतात. बे आणि पाचचं कोणाला अडत नाही. रडवतात ती सहा साती, सहा आठे, सात आठे ही मंडळी. ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. पाणी प्यायला जायचं तर एक सांगून जा. सात आठेसाठी ५, ६, ७, ८ असं ओळीनं लिहा: ५६ = ७ × ८. ताई, हे आजच करून बघा.

सेमीवाला बाबा
आमच्याकडे पाढा येतो, लिहिताना घोळ होतो. "सात नव्वे त्रेसष्ट" खणखणीत म्हणतो आणि वहीत ३६! तीन आधी ऐकू येतो ना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी "वीस एक" आलं तेव्हा लोकांनी केवढी टिंगल केली. मला नाही हसू आलं. आता तो म्हणतो मराठीत, लिहितो मनातल्या मनात "सिक्स्टी थ्री" करून. चालतंय तर चालू दे.

लीड्सची आई
इंग्लंडमध्ये चौथ्या इयरला पाढ्यांची सरकारी परीक्षा असते, २०२२ पासून सक्तीची. संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, बारा बारापर्यंत. इथे सूर लावायला वेळच नाही! भारतातून बाबा व्हिडिओ कॉलवर उलटसुलट विचारतात आणि लेक त्यांना चुकीची उत्तरं देऊन चिडवते. बाबा चिडले की बरोबर उत्तर. दोघांना मजा येते, म्हणून टिकलंय.

एक आई
माझ्या मुलाला डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे आणि गणित शिकायला मुळातच अडचण येते. सूर, तक्ते, बक्षिसं, सगळं करून झालं. रात्री आलेला पाढा सकाळी गायब. तपासणी झाल्यावर घरातलं ओरडणं थांबलं, तोच मोठा फायदा. आता तक्ता कंपासपेटीत असतो. त्यात बघून तो गणितं छान सोडवतो. पोरगं सतत विसरत असेल तर आळशी म्हणण्याआधी दाखवून घ्या.

धागाकर्ती
गुरुजी, ५६ फ्रिजवर चिकटवलं. नऊची बोटांची युक्ती कोणाला माहीत आहे का?

सेमीवाला बाबा
दोन्ही पंजे समोर उघडा. नऊ चोक हवं तर डावीकडून चौथं बोट मिटा. त्याच्या डावीला तीन, उजवीला सहा: ३६. दहापर्यंतच चालते.