तलवार जिथे चालत नाही : तुमचे अनुभव लिहा

किल्लेदार

चांदोबातल्या विक्रम-वेताळाचं चित्र आठवतंय ना? चित्रकार शंकर यांचं. स्मशान, वाळकी झाडं, कवट्या, राजाच्या खांद्यावर लोंबणारं प्रेत आणि हातात उपसलेली तलवार. माझी नजर कायम त्या तलवारीवर जायची. ती म्यानात का नाही? रात्रभर राजा ती घेऊन चालतोय, पण वार करायचा कुणावर? प्रेत तर आधीच मेलेलं, आणि त्यात शिरलेल्या वेताळाला पात्याचं भय नाही. उलट तोच राजाला दम देतो : उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील.

तलवार आणि चेटूक एकत्र येणाऱ्या सगळ्या कथांचा जीव मला या चित्रात दिसतो. नायक बलदंड, शस्त्रात तयार, आणि समोर असं काही उभं राहतं की ज्याच्यापुढे शस्त्राला अर्थच उरत नाही. तिथून गोष्ट भयकथा होते. इंग्रजीत या प्रकाराला 'सोर्ड अँड सॉर्सरी' हे नाव फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१ साली दिलं. त्याआधी कितीतरी वर्षं, डिसेंबर १९३२ मध्ये, रॉबर्ट हॉवर्ड या लेखकाचा रानटी योद्धा कोनान 'वियर्ड टेल्स' मासिकात अवतरला होता. ते मासिक मुळात भयकथांचं. लव्हक्राफ्ट त्यातच लिहायचा, आणि त्याचा नि हॉवर्डचा भरपूर पत्रव्यवहार होता. म्हणजे हे दोन प्रकार आपण नंतर जोडले असं नाही, ते एकाच घरात वाढले.

तर लिहा मंडळी. कथा, सिनेमा, कॉमिक्स, नाटक, मालिका, काहीही चालेल. अख्खं कथानक नको. शस्त्र निकामी झालं आणि तुम्ही घाबरलात, तो नेमका क्षण सांगा.

पोथीवाला

उत्तम विषय. पण तुमच्या तलवारीला काम मिळतं बरं का! चांदोबाने ही मालिका नवनव्या गोष्टी घालून वर्षानुवर्षं चालवली, त्यामुळे आपल्या पिढीला शेवट माहीतच नाही. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात तो आहे. प्रेत आणायला सांगणारा साधू राजाचाच बळी देणार असतो, आणि हे राजाला सांगतो कोण, तर वेताळ. साधू म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मी राजा, मला नमस्काराची सवय नाही, आधी तुम्ही करून दाखवा. साधू वाकतो आणि राजा त्याचं मुंडकं उडवतो. तलवार भुतावर चालत नाही, ती भूत वापरायला निघालेल्या माणसावर चालते. हे मी प्रथम वाचलं ते मामांच्या वाड्यात माळ्यावर बसून, आणि त्यानंतर वेताळाची भीती गेली ती गेलीच. साधूची मात्र बसली. शांत बोलणारा, आशीर्वाद देणारा, फळं आणून देणारा माणूस.

तेरेखोलची_माय

किल्लेदारांनू, आमच्याकडे वेताळ गोष्टीतला नाही, तो राखणदार. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा. माणसाहून उंच मूर्ती, हातात तलवार. नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, त्याही कुणा माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढ्या थोरल्या. देव रात्री गावावरून फेरी मारतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. लहानपणी मी तिथे ठेवलेल्या जोडांचे तळ वाकून वाकून बघायचे. मूर्तीपेक्षा मला त्या चपलांची भीती जास्त, कारण मूर्ती उभी असते आणि चपला चालतात.

मग मे महिन्यात मुंबईहून चुलतभाऊ आला तो इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा घेऊन. अमेरिकेच्या फँटमला आपल्याकडे 'वेताळ' नाव दिलेलं. कवटीची अंगठी, कवटीची गुहा, आणि बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही. आजीने चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "वेतोबाक बूट कोणी दिले?" तिच्या लेखी तो आमचाच, गाव सोडून लांब राखणीला गेलेला. मी पुढचे सगळे अंक तसेच वाचले.

पैंगीणकर

+१. गोव्यात बेताळ. लोलयें, आमोणें, प्रियोळ, सगळीकडे त्याचं ठाणं. लोलयेंचा उघडाबंब दगडी बेताळ भर दुपारी जाऊन बघा. कुठल्याही भयपटातल्या राक्षसाला ते सामर्थ्य नाही. आणि गावच्या लोकांना त्याचा आधार वाटतो, ते तर फारच खरं आहे.

मोरपंखी

माझा क्षण बालनाट्याचा. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण. दिलीप प्रभावळकरांनी ती अजरामर केली हे सगळ्यांना माहीत आहे. मी पाहिली ती बऱ्याच नंतरच्या संचातली, आमच्या गावच्या नाट्यगृहात. चेटकीण रंगमंचाच्या कडेला आली, थांबली, आणि पहिल्या रांगेतल्या मुलांकडे नुसती बघत राहिली. काही बोलली नाही. माझ्या शेजारचा मुलगा आईच्या पदरात शिरला. मला हलताच येईना.

शाळा संपता संपता सर्क्युलेटिंग लायब्ररीत रत्नाकर मतकरींच्या गूढकथा हाती लागल्या, आणि कळलं की चेटकीण आणि या कथा एकाच हातच्या. तेव्हा उलगडलं की ती चेटकीण इतकी खरी का होती. मतकरी मुलांना घाबरवताना हातचं राखत नाहीत. त्यांच्या मोठ्यांच्या कथेत राक्षस नसतो, तलवारही नसते. मध्यमवर्गीय घर असतं, आजारी माणूस असतो, कुणाच्या तरी मनात खोल रुतलेली इच्छा असते. आणि ती पुरी होते.

'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचूही प्रभावळकरच. बाहुलीत शिरण्याआधीचा माणूस. बाहुली रामदास पाध्यांची. लोक तो सिनेमा लक्ष्यासाठी बघतात, मीही बघते, पण मरता मरता मंत्र पुटपुटणारा तो गुंड मला आजही विनोदी वाटत नाही.

भानामती

मोरपंखी, मतकरींबद्दल अगदी अगदी. पण धाग्यात अजून नारायण धारप कसे नाहीत?! त्यांचा 'समर्थ' म्हणजे मराठीतला तलवार न घेतलेला योद्धा. गोष्टी सांगतात अप्पा जोशी, साधे गृहस्थ. कुणाच्या तरी घरात काहीतरी अमंगळ शिरलेलं असतं, पोलीस, डॉक्टर सगळे हात टेकतात, आणि मग समर्थांना निरोप जातो. ते येतात, शांतपणे चौकशी करतात, जागा बघतात. त्यांचं शस्त्र म्हणजे साधना. किल्लेदारांच्या प्रश्नाचं धारपांनी दिलेलं उत्तर हेच : शस्त्र निकामी होतं, कारण शत्रू शरीरावर येतच नाही.

त्यांच्या काही कथांना स्टीफन किंगचा आधार होता हे आता वाचकांना ठाऊक आहे. मला त्याने फरक पडत नाही. किंगचं गाव त्यांनी असं मराठी केलं की चाळीचा जिना, मागीलदारची विहीर आणि बंद माजघर यांच्याकडे आमची अख्खी पिढी संशयाने बघायला लागली. हे भाषांतराने होत नाही, त्याला घर आतून माहीत असावं लागतं.

कणकेची_बाहुली

आयडी घेतला तोच 'तुंबाड'मुळे, त्यामुळे मला लिहायलाच हवं. राही अनिल बर्वे यांचा सिनेमा, २०१८. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीवरून आणि बीज धारपांच्या कथेत, हे इथे बहुतेकांना माहीत असेलच. मला बोलायचंय ते शस्त्राबद्दल. नायक विनायक वाड्याच्या पोटातल्या त्या लालभडक खोल जागी दोरावरून उतरतो तो लंगोट लावून. अंगावर चिलखत नाही, हातात पातं नाही. बरोबर काय, तर पिठाचं रिंगण आणि कणकेची बाहुली. तिथला राक्षस हस्तर भुकेला आहे. तो बाहुलीवर तुटून पडला की तेवढ्या वेळात त्याच्या कमरेची मुद्रा ओढायची आणि वर निघायचं.

जगात कुठल्याही नायकाला मी एवढं साधं शस्त्र घेऊन राक्षसासमोर गेलेलं पाहिलेलं नाही. आणि ते शस्त्र निकामी होतं ते हव्यासाने. एक बाहुली पुरत होती, बापलेकांना जास्त हवं झालं. बाहुल्या वाढवल्या तसे हस्तरही वाढले. थिएटरमध्ये मी खुर्चीचा हात घट्ट धरला तो तिथे, आजीच्या प्रसंगाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा धाकट्या बहिणीला मुद्दाम नेलं. घरी आल्यावर ती परातीतली कणीक मळायला तयार होईना.

सीताबर्डी_एक्स्प्रेस

पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, आम्ही नागपूरवाले हिंदी राज कॉमिक्सवर वाढलो. भाड्याने आणायची, रात्री वाचायची, सकाळी परत. माझा नायक भोकाल. ढाल, तलवार, राक्षस, मायावी नगरं, सगळं खच्चून भरलेलं. गुरूचं नाव घेऊन ललकारी दिली की शस्त्रं हातात येणार. माझा क्षण तोच : ललकारी देताच येत नाही असा पेच लेखक जेव्हा घालायचा, तेव्हा पोटात गोळा यायचा, कारण शक्ती त्याच्या दंडात नाही, त्या नावात आहे हे तेव्हा दिसायचं. त्यात भाड्याच्या प्रतीचं शेवटचं पान बहुतेक वेळा फाटलेलं, मग आठवडाभर जीव टांगणीला.

मोठं झाल्यावर कळलं की यातले चित्रकार तर आपलेच. 'नागराज'चा पहिला अंक (१९८६) काढला प्रताप मुळीकांनी. ते पुण्याचे, अमर चित्र कथेतली कितीतरी पुस्तकं त्यांचीच. भोकालवर नाव असायचं कदम स्टुडिओचं. मुळीकांची जुनी पानं मी आता भिंग घेऊन बघतो. सापाच्या अंगावरचं एकेक खवलं वेगळं काढलेलं असतं. ही माणसं मासिकांत, कॉमिक्समध्ये मरमर काम करत राहिली आणि त्यांच्यावर मराठीत धड एक पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. याची मला खरंच चीड येते.

लोनस्टारवासी

मी डॅलसला असतो. कोनानशी गाठ पडली ती मात्र मुंबईत, फोर्टच्या पदपथावर. 'सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान'चे काळेपांढरे जुने अंक तिथे रद्दीच्या भावात मिळायचे. जॉन बुसेमाची चित्रं, त्यावर अल्फ्रेडो अल्काला यांची शाई. एका चौकटीत देवळाचा अंधार होता, आणि तो काळा रंग फासून केलेला नव्हता. हजारो बारीक रेघा एकमेकींवर टाकून केलेला. नाक लावून बघितलं की त्या रेघांत आणखी काहीतरी आहे असं वाटायचं.

मग मूळ कथा वाचल्या. 'द टॉवर ऑफ द एलिफंट' (१९३३) ही माझ्या मते हॉवर्डची सर्वोत्तम. कोनान तरुण आहे, मांत्रिकाच्या मनोऱ्यात रत्न चोरायला शिरतो. वरच्या दालनात त्याला दिसतो हत्तीचं मुख असलेला एक जीव, परग्रहावरून आलेला, मांत्रिकाने छळून आंधळा केलेला. तो सोंडेने चाचपत कोनानचा चेहरा ओळखू पाहतो. दादरच्या घरी, गणपतीच्या दिवसांत, समोर आरास असताना मी हे वाचत होतो. अमेरिकन वाचकाला तिथे काय वाटत असेल ते असो. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तो जीव कोनानला विनवतो की तुझ्या तलवारीने माझं हृदय काप आणि रक्त त्या रत्नावर पिळ. म्हणजे अख्ख्या कथेच्या शिखरावर तलवार चालते ती शत्रूवर नाही, दयेपोटी एका पीडितावर. मांत्रिकाला कोनान शिवतही नाही. तो त्या रत्नासमोर आक्रसत आक्रसत आत ओढला जातो.

हॉवर्डने हिंदुस्थानसारखा एक देशही रचला, वेंध्या नावाचा, आणि उत्तरेला हिमेलियन पर्वत. आपल्याकडे तो कधी आला नाही. तिशीतच, जून १९३६ मध्ये, त्याने आयुष्य संपवलं. क्रॉस प्लेन्स गावातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे, मी सहकुटुंब जाऊन आलो. लिहायची खोली म्हणजे पडवी बंद करून केलेली अरुंद पट्टी. पलंग, टेबल, खिडकी, संपलं. बाहेर सपाट माळ. माझ्या मुलीने दारात उभं राहून विचारलं, "एवढ्याशा खोलीत तो तलवार कशी फिरवायचा?"

शिकाऊ_तलवारबाज

इथे सगळे काका-मावशी दिसताहेत, तरी लिहितो. :) आमच्या पिढीचं म्हणजे 'बर्सर्क'. केंतारो मिउरा यांची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, १९८९ पासून. नायक गट्सची तलवार पोलादाच्या पहाराएवढी, माणसाने उचलू नये अशी. किल्लेदारांचा नियम तिथे उलटा लागतो. तलवार चालते, रोज रात्री चालते, राक्षस कापले जातात, पण ज्याने घात केला तो एके काळचा जिवलग मित्र, आणि आता त्याच्यावर वार पोचतच नाही. ग्रहणाचा भाग मी हॉस्टेलवर वाचला. वाचून झाल्यावर रूममेटला उठवलं, कारण न विचारता तो माझ्यासोबत टपरीपर्यंत आला.

मे २०२१ मध्ये मिउरा गेले तेव्हा गोष्ट अर्धवट होती. २०२२ पासून त्यांचे मित्र कोजी मोरी आणि मिउरांचा स्टुडिओ ती पुढे नेताहेत. मोरींनी स्वतः सांगितलंय की शेवट त्यांना मिउरांनी फार पूर्वी ऐकवला होता. मित्राने सांगितलेली गोष्ट मित्र पुरी करतोय, तीही मित्राने केलेल्या घाताची. हे मला झेपत नाही, पण प्रत्येक नवा भाग वाचतो.

मोरपंखी

शिकाऊ, सुंदर लिहिलंस. कुठल्या खंडापासून सुरुवात करू? थेट पहिल्या?

शिकाऊ_तलवारबाज

हो ताई, पहिल्यापासूनच. सुरुवातीचे भाग फार हिंस्र वाटतील, तिथे सोडू नका. तिसऱ्या खंडात गोष्ट मागे जाते, गट्सच्या जन्मापासून, आणि तिथून पुस्तक खाली ठेवता येत नाही. आणि लोनस्टारवासी काका, ते हत्तीवाले कोनानचे कॉमिक्स असेल तर पानाचा फोटो टाका ना इथे.