मुंबई दर्शन : एका दिवसात, माइकवरून (अनुभव धागा)

जन्म चेंबूरचा, शाळा तिथलीच, सासरही तीन गल्ल्या सोडून. एवढ्या वर्षांत 'मुंबई दर्शन' लिहिलेली बस मी पाहिली ती सिग्नलला शेजारी उभी राहिली तरच. काचेला टेकलेली डोकी, पडद्याला अडकवलेली टोपी, मागच्या सीटवर आडवं झालेलं एखादं पोर. आपल्याला काय त्याचं, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात जळगावहून चुलत नणंद आणि तिचे यजमान आले. जेवताना नणंदबाईंनी जाहीर केलं, "वहिनी, आमच्यासाठी तुम्ही दमू नका. बसचं बुकिंग झालंय. तुमचंही तिकीट काढलंय." नवऱ्याला ऐनवेळी ऑफिस आठवलं. मला आठवायला ऑफिस नव्हतं.

पावणेआठला दादरला उभं राहायला सांगितलं होतं, बस आली साडेआठ वाजून गेल्यावर. गाइड तिशीचा मुलगा, अर्धं हिंदी अर्धं मराठी. पहिलं वाक्य, "बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढून घ्या, सगळ्या बसेस सारख्याच दिसतात." दुसरं, "टॉयलेट फक्त जिथे मी सांगेन तिथे." मग पेनाने एकेका सीटच्या डोक्यावर टिचकी मारत माणसं मोजली. दिवसभरात सात वेळा मोजली. सातव्या वेळी एक जास्त भरला. कुणाचा तरी भाचा जुहूला भेटायला आला होता, तो तसाच चढून बसला होता.

गेटवेला त्याने सांगितलं, "राजा जहाजातून उतरला आणि याच कमानीतून चालत आत आला." नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "हो का हो वहिनी?" मुंबईची मी, मान डोलावली. रात्री घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की पंचम जॉर्ज आला डिसेंबर १९११ मध्ये आणि तेव्हा इथे कमान नव्हतीच.  राजाराणीला पाहायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडाच पक्का झाला १९१४ ला आणि कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. स्वागताला तेरा वर्षं उशीर. जायच्या वेळी मात्र ती तयार होती, इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला इथूनच बोटीत चढली.

हँगिंग गार्डनमध्ये प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं बघताना गाइड म्हणाला, "तुम्ही पाण्याच्या टाकीवर उभे आहात." लहानपणापासून दहादा तरी गेले असेन त्या बागेत, खाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय आहे हे मला ठाऊक नव्हतं. नणंदेच्या यजमानांनी लगेच विचारलं, "रोज सोडतात का पाणी?" अख्ख्या दिवसातला हा त्यांचा एकमेव प्रश्न.

तर तुमचेही अनुभव लिहा. बस, लाँच, शाळेची सहल, काहीही चालेल. माइकवरून काय ऐकलंत आणि खिडकीतून काय दिसलं, दोन्ही सांगा.

डावी खिडकी

कामाचं आधी सांगतो. सकाळी गेटवेकडून बस उत्तरेला निघते तेव्हा समुद्र डाव्या हाताला असतो. मरीन ड्राइव्हला डावीकडे, सी लिंकवर वांद्र्याकडे जातानाही डावीकडे. उजवीकडच्या सीटवाल्यांना बिल्डिंगा आणि शेजाऱ्याचा कान. परतताना अंधार पडलेला असतो, तेव्हा 'आता आमची पाळी' म्हणण्यात अर्थ नाही. आणि घारापुरी करायची असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

रिटायर एसटी

माझे वडील एसटीत चालक होते. बत्तीस वर्षं, त्यातली निम्मी साताऱ्याकडच्या घाटात. निवृत्तीनंतर हट्टाने त्यांना मुंबई दर्शनला नेलं, आयुष्यात एकदा तरी पाय पसरून प्रवासी म्हणून बसा म्हटलं.

ते चढले आणि सरळ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. गाइड उजवीकडे दाखवो की डावीकडे, यांची नजर पुढच्या काचेवर. वाळकेश्वरचा चढ आला तसे पुटपुटले, "आता दुसऱ्यात टाक." ड्रायव्हरने टाकला. त्याने आरशात पाहिलं, यांनी मान हलवली. ओळख झाली. दुपारी जेवण आमच्याबरोबर नाही, ड्रायव्हर-क्लीनरच्या टेबलावर.

सी लिंकवर सगळी बस मोबाइल काढून उभी. साडेपाच किलोमीटरचा पूल, २००९ पासून चालू, आठ लेन, दुचाकी-रिक्षाला बंदी, गाइडचं सगळं पाठ. वडिलांनी ड्रायव्हरला विचारलं, "इथं पंक्चर झाली तर?" त्याने काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. दोघेही गंभीर झाले एवढं दिसलं.

जुहूला एक तास थांबा होता. आम्ही पाण्यात जाऊन, कणीस खाऊन परत आलो तर ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला आणि वडील वर्तमानपत्राचा बोळा पाण्यात भिजवून समोरची काच पुसत होते. खालून वर, मग आडवी, मग कोरड्या कागदाने एकदा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर चिकट थर बसतो म्हणाले, संध्याकाळच्या हेडलाइटमध्ये काही दिसत नाही.

समुद्र कसा वाटला, असं रात्री आईने विचारलं. "मुंबईत गाडी चालवत नाहीत, नुसता क्लच मारतात," एवढंच बोलले. पण त्या ड्रायव्हरचा दिवाळीला फोन येतो अजून.

हत्ती कुठाय

आमची सहल १९८६ ची, कोल्हापूरहून, सातवीची. रात्रभर लाल गाडी, सकाळी कुठल्याशा शाळेच्या वर्गात सतरंज्या. सर शिट्टी वाजवून हजेरी घ्यायचे. तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावू नका म्हणून ओरडा खाल्ला. तारांगणात खुर्च्या मागे कलल्या, दिवे गेले आणि अर्धा वर्ग पाच मिनिटांत झोपला. रात्रभर एसटीत उभं राहून आलेल्या पोरांना अंधार आणि मऊ खुर्ची देऊन वर गुरू-शनी दाखवायचे, यात चूक कोणाची? म्हातारीच्या बुटात (कमला नेहरू पार्कातलं बुटाच्या आकाराचं घर) एकाची चप्पल हरवली. बुटात चप्पल हरवली हा विनोद सरांना तेव्हा अजिबात आवडला नाही.

घारापुरीला लाँचने तासभर. जाताना सगळे गाणी म्हणत होते, येताना सगळे कडेला वाकले होते. तिथे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा का म्हटलं ते सरांनी सांगितलं, किनाऱ्यावर दगडी हत्ती होता म्हणून. झालं. त्रिमूर्ती बघायची सोडून चाळीस पोरं हत्ती शोधत फिरली. सहा मीटरच्या आसपास उंचीचं ते शिल्प, तिन्ही चेहऱ्यांवर तीन वेगवेगळे भाव, आणि आमचं लक्ष झुडपांत. सरही शोधायला लागले, कारण तो कुठे गेला हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी म्हणाले, "समुद्रात पडला असेल."

वीसेक वर्षांनी मुलीला घेऊन राणीच्या बागेत गेलो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक जुना, झिजलेला, सांधे जोडलेला दगडी हत्ती उभा. पाटी वाचली आणि तिथेच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "चप्पल सापडली का रे?"

(घारापुरी जागतिक वारसा यादीत गेली १९८७ ला. आमच्या सहलीनंतर एका वर्षाने. आम्ही विस्कटलेल्या झुडपांचा त्यात काही हात नसावा.)

माइक ठेवलेला माणूस

मी सहा वर्षं हा माइक धरलाय, आता दुसरं काम करतो. मूळ धागाकर्तीला सांगायचंय की राजा कमानीतून आला हे मीही तीन वर्षं सांगत होतो. ज्याने मला शिकवलं त्याने तसं सांगितलं, त्याला त्याच्या उस्तादाने. मग एका निवृत्त शिक्षकांनी खाली उतरल्यावर बाजूला घेऊन समजावलं. चारचौघांत नाही बोलले, त्याचे उपकार.

लोकांना वाटतं गाइडला इतिहास यायला हवा. गाइडला आधी घड्याळ यायला हवं. गेटवेला वीस मिनिटं म्हटलं की लोक पस्तिसाव्या मिनिटाला येतात, हे धरून वीस सांगायची. सिद्धिविनायकाला मंगळवारी बस नेली तर उरलेला दिवस विसरा. आणि म्युझियमला (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) चाळीस मिनिटं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. १९२२ पासून लोकांसाठी खुलं असलेलं एवढं मोठं वस्तुसंग्रहालय, आणि आम्ही माणसं घुमटाखालून आत सोडून भरलेल्या वाघापाशी गोळा करायचो.

जेवणानंतर, अडीच ते साडेतीन, बसमध्ये कोणी जागं नसतं. तो वेळ माझा. तेव्हा मी मला आवडेल ते सांगायचो, हळू आवाजात. महालक्ष्मी-हाजी अलीजवळचा हा रस्ता एकेकाळी समुद्राचं पाणी आत शिरायची वाट होती, वरळी आणि मुंबई ही वेगळी बेटं, मध्ये बांध घातला अठराव्या शतकाच्या शेवटी. बांध पुन्हा पुन्हा ढासळायचा, मग काम बघणाऱ्या पाठारे प्रभू गृहस्थाला स्वप्न पडलं, देवीच्या मूर्ती पाण्यातून निघाल्या आणि बांध टिकला, अशी कथा. झोपलेल्या लोकांना बरं वाटायचं. एकदा मागून एक आजी म्हणाल्या, "थांबलास का? सांग की पुढं." त्यानंतर मी कोणी झोपलंय असं धरून बोललो नाही.

बाकी विचारतात काय, तर बंगले. कुठल्या नटाचा कुठला. एकदा एका बंगल्याच्या गच्चीवर हात हलला, अख्खी बस ओरडली, पंचेचाळीस माणसांनी हात केले. तो माणूस चादर झटकत होता. मी काही बोललो नाही. त्या दिवशी टिप चांगली जमली.

शिवडी लोकल

आमच्या गाइडने फ्लोरा फाउंटन दाखवलं. १८६४, रोमन देवी, फुलांची. झालं, पुढे. मी उठून विचारलं, "शेजारचं?" हुतात्मा स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, त्याच्याकडे कोणाचं बोटही गेलं नव्हतं. गाइड बिचारा बाहेरचा होता. सिग्नल लाल होता, त्याने माइकच माझ्या हातात दिला. माझे आजोबा गिरणीत होते, २१ नोव्हेंबर १९५५ ला ते इथेच होते, गोळीबार झाला तेव्हा. शंभराहून जास्त माणसं गेली संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात, तेव्हा १ मे १९६० उजाडला. एवढं सांगेपर्यंत सिग्नल सुटला. आवाज फाटला माझा. खाली बसलो तर शेजारच्या गुजराती काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

दादर पश्चिम

शिवाजी पार्कवरून बस जाते तेव्हा माइकवर क्रिकेट असतं. चैत्यभूमी तिथून चालत पाच-सात मिनिटं. ६ डिसेंबरला लाखो लोक कुठलाही गाइड नसताना बरोबर पोचतात. बाकीचे ३६४ दिवस दहा मिनिटांचा थांबा द्यायला काय हरकत आहे?

पौर्णिमा

हाजी अलीला आमची वेळ आणि भरतीची वेळ एकच निघाली. दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली, दोन्ही बाजूंनी लाटा एकमेकींना भिडत होत्या. गाइड वैतागलेला. मावशी रस्त्यावरच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला, तिथूनच हात जोडले. "पाण्याने अडवलंय, मग काय करायचं," म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसल्या. बुकिंग करताना तिथी बघत जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण.

संत्रं

नागपूरचा. आई पहिल्यांदाच मुंबईत. मरीन ड्राइव्हला काठावरचे ते चार टोकांचे सिमेंटचे ठोकळे बघून म्हणाली, "एवढे मोठे फासे कोनं टाकले बाप्पा?" मला त्याहून चांगलं वर्णन सुचलेलं नाही.

वरचा मजला

नीलांबरीत कोण कोण बसलंय? छप्पर नसलेली डबल डेकर, संध्याकाळी दिवे लागल्यावर निघायची. सीएसएमटी बसच्या वरच्या मजल्यावरून बघितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की वास्तुविशारद स्टीव्हन्सने ही स्टेशनची इमारत खाली मान घालून लोकल पकडणाऱ्यांसाठी बांधलेली नाही. दगडातले मोर, माकडं, पानं, सगळं नेमकं त्या उंचीवर. झाडांच्या फांद्या तोंडाशी यायच्या, कोणीतरी "वाका!" ओरडलं की अख्खा मजला नमस्कार घातल्यासारखा वाकायचा. मुलगा प्रत्येक झाडाला आधीच वाकून ठेवायचा. ५ ऑक्टोबर २०२३ ला त्या जुन्या उघड्या बसेसची शेवटची फेरी झाली. आम्ही त्याआधीच्या रविवारी गेलो होतो. तिकीट अजून पाकिटात आहे, शाई पार उडालीय.

धागाकर्ती

सगळं वाचतेय. एसटीवाल्या काकांची काच नवऱ्याला वाचून दाखवली, तर रविवारी तो स्वतः गाडी पुसायला गेला.

काल नणंदबाईंचा फोन आला होता. म्हटलं, अहो, ते राजाचं गाइडने चुकीचं सांगितलं हो, कमान तेव्हा नव्हतीच, पुठ्ठ्याची होती. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "वहिनी, मी भिशीत सगळ्यांना सांगून बसलेय. आता राहू दे त्याला चालत आलेला."