बोरिवलीच्या जंगलातल्या वस्त्या: आधी जंगल की आधी घर?

डोंगरवाट
माझं मत सरळ आहे, जंगलात वस्ती नको. शंभरेक चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आत विहार आणि तुळशी तलाव, चारी बाजूंनी मुंबई-ठाणे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या पर्यावरण संस्थेच्या १९९५ च्या याचिकेवर मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायला सांगितलं. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल त्याला दुसरीकडे जागा, बाकीच्यांना नाही. इतका स्पष्ट आदेश असूनही मालाड-कांदिवलीच्या बाजूला वस्त्या आहेतच. सरकार पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० वर नेतं, मग २०११ वर. उद्या येणाऱ्याला यातून काय कळतं? टिकून राहा, नाव लागेल.

कुरारकर
तारखेचं बरोबर नाही. ती सरकलेली तारीख शहरातल्या इतर झोपड्यांची. उद्यानाबाबतच्या आदेशात १९९५ चीच यादी आहे. म्हणजे १९९६ ला आलेला माणूस, ज्याची नातवंडं आता शाळेत जातात, तो अजून घुसखोरच.

आणि जे पात्र ठरले त्यांचं काय? सात हजार रुपये भरा, घर मिळेल, असं सांगितलं. सुरुवातीला जागा दाखवली कल्याणच्या बाजूला. कांदिवलीच्या ठाकूर कॉम्प्लेक्समध्ये सकाळी सहाला धुणीभांडी करणारी बाई तिथून कशी येणार? पुढे चांदिवलीला इमारती झाल्या, हजारो कुटुंबं गेली, हजारो राहिली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची भिंत रात्री झोपड्यांवर कोसळली, तीसच्या आसपास माणसं गेली. सात हजार भरून घराची वाट बघणारी काही कुटुंबं त्याच वस्तीत होती. आधी घर द्या, मग तोडा. क्रम उलटा केला की माणूस त्याच डोंगरावर परत ताडपत्री बांधतो. १९९७ नंतर हेच झालं.

बिबळ्या
दोघांनाही एक विचारतो. २००४ च्या जूनमधले बिबट्याचे हल्ले आठवतात? बिबट्या येतो कुत्र्यांसाठी, कुत्री येतात कचऱ्यासाठी. वस्तीचा कचरा उचलला जात नाही, कारण वस्ती ‘बेकायदा’. नळ नाही, कारण जमीन वनखात्याची. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा झोपडीतल्या माणसालाही पाणी नाकारता येत नाही. तरी वनजमिनीवर परवानगीचं घोडं अडतंच. सोयी न दिल्याने वस्ती हटली नाही, जंगल तेवढं घाण झालं.

डोंगरवाट
कचरा उचला, हरकत नाही. पण नळ दिला की पक्की भिंत येते, भिंत आली की वरचा माळा. मालाडच्या अप्पापाड्याला मार्च २०२३ मध्ये आग लागली तेव्हा सिलिंडर एकामागून एक फुटत होते. अशा दाटीत लोकांना ठेवणं यालाच हक्क म्हणायचं का?

कुरारकर
मग पर्याय द्या ना! हक्क घराचा आहे, ‘त्याच दाटीचा’ कोण मागतंय? फुटपाथवर राहणाऱ्यांसाठीच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका जगण्याच्या हक्कात धरली, पण झोपड्या हटवायची मुभाही दिली. तेव्हापासून सरकारांनी फक्त दुसरं वाक्य वाचलंय.

साष्टीकर
वारली पाड्यांबद्दल कुणी बोललंच नाही. नवपाड्यातली माणसं उद्यान व्हायच्या आधीपासूनची. त्यांना ‘झोपडपट्टी’त मोजू नका, २००६ चा वनहक्क कायदा त्यांच्यासाठीच आहे. आणि झोपडीवाल्यावर बोट दाखवताना आरेतली २०१९ ची वृक्षतोडही आठवा. मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडं पडायला लागली. बोरिवली-ठाणे बोगदा तर उद्यानाच्या पोटातून जातोय.

डोंगरवाट
पाड्यांचं मान्य, ते वेगळेच. बोगद्याचं नाही. तो जमिनीखालून आहे, झोपडी वरती. आणि कारशेडची चूक म्हणून अतिक्रमण माफ, हा हिशेब मला पटत नाही.

साष्टीकर
माफ करा असं म्हटलंच नाही. कारशेडसाठी सरकारला एका रात्रीत यंत्रणा सापडली. १९९७ च्या आदेशातल्या घरांसाठी ती का सापडत नाही, एवढंच विचारतोय.

बिबळ्या
जमीन कुठे आहे ते सांगा ना मग. चांदिवलीसारखी पुन्हा कुठे मिळणार? कांदिवली-मालाडमध्ये सरकारी जागा निघाली की आधी तिथे टॉवरचा बोर्ड लागतो.

कुरारकर
त्याच बोर्डाखाली आमची पात्र यादी चिकटवा. कांदिवलीत घर मिळालं तर पहिली खोली मी रिकामी करतो.