जोत्यात खणलेली काळी माती भरलीय, काढायला लावू का?

रातपाळी

नमस्कार. मिरजेत मालगाव रस्त्याच्या बाजूला दीड गुंठ्यात घर बांधतोय. आमचं जुनं घर सांगलीत गावभागात. 2005 ला पाणी आलं, 2019 ला तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि घरातल्या माळ्यावरची भांडीसुद्धा भिजली. 2021 ला परत तेच. त्यानंतर मामांनी (सासरे) स्वतःहून सांगितलं, आता इथं राहायचं नाही. म्हणून ही जागा. आधी शाळूचं रान होतं, माती काळीभोर. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात.

हे फौजेत आहेत, सध्या जम्मूला. मी दवाखान्यात स्टाफ नर्स, बहुतेक रातपाळी. सकाळी आठला सुटले की आधी साइटवर आणि मग घरी, असं तीन महिने चाललंय. पाया चांगला झालाय. सात फुटांवर मुरूम लागला, तिथून फुटिंग (कॉलमखालचे रुंद तळ) घेतलीत, कॉलम, वर जोत्याचे बीम. जोतं रस्त्यापासून साडेतीन फूट. पुराची धास्ती अजून मनातून जात नाही म्हणून एवढं उंच घेतलं.

अडचण आता आलीय. परवा सलग दोन रातपाळ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर हॉल आणि स्वयंपाकघर दोन फुटांपर्यंत भरलेलं! पायातून निघालेली, बाजूला ढीग लावलेली तीच काळी माती. ढेकळं तशीच, मधे शाळवाची धाटं, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. गवंडी म्हणाला, "काय हुतंय ताई त्याला, पाणी सोडून बसवतो की." कंत्राटदाराला फोन केला तर म्हणे, सगळे असंच करतात. मुरूम पाहिजे असेल तर 30 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागेल, त्याचे पैसे वेगळे, पन्नास हजारांच्या पुढं जाईल. करारात "जोत्यात भराव" एवढंच लिहिलंय, कशाचा ते नाही. ती चूक माझी, सही मीच केली.

मामा म्हणतात, मातीवरच तर सगळं उभं असतं, कशाला भांडतेस, गवंडी काम सोडून गेला तर पावसाळ्याआधी स्लॅब पडायचा नाही. ह्यांचं म्हणणं, तू तिथं आहेस, तुला पटेल ते कर. पण मला यातलं कळत नाही हो. उगाच हट्ट करून पैसे घालवायचे नाहीत, आणि आयुष्यभराची फरशीही खचायला नको. काढून टाकायला लावू का? कुणी अनुभवाने सांगाल?

ओळंबा

ताई, काढायला लावा. सरकारी बांधकामांवर तीस वर्षं देखरेख केली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो.

तुमच्या भिंती बीमवर, बीम कॉलमवर आणि कॉलम सात फूट खालच्या मुरमावर. त्या हलणार नाहीत. फरशी मात्र या कशावरच नाही. ती फक्त भरावावर झोपलेली असते. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. रानात भेगा बघताच की तुम्ही. आता भिंती जागच्या जागी आणि मधली जमीन दरवर्षी खालीवर, मग फरशी भिंतीपासून सुटते, मधून फुगते नाहीतर बसते. सैल ढेकळांमधली पोकळी वेगळीच. धाटं कुजली की तिथंही खड्डा, आणि वाळवीला आयतं खाद्य.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी करून बघा. तुम्ही दवाखान्यात आहात, 100 मिलीची दोन मोजनळी मिळतील. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. दोन्हीत दहा-दहा ग्रॅम घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्ही 100 च्या खुणेपर्यंत. काडीने ढवळून हवा काढा आणि 24 तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक भागिले रॉकेलमधली उंची, गुणिले शंभर. आयएस 2720 च्या भाग 40 मध्ये हीच चाचणी आहे. आकडा 50 च्या वर गेला तर ती माती रस्त्याच्या भरावालासुद्धा घेत नाहीत.

आणि 30 ब्रास कुठून आले? आतलं क्षेत्रफळ किती आहे ते कळवा.

विश्रामबागकर

ताई, आमच्याकडे हे झालेलं आहे. 2012 ला घर बांधलं तेव्हा मीही "सगळे असंच करतात" ऐकून गप्प बसलो. पहिले दोन पावसाळे काही नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात हॉलमध्ये स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाच्या फरशीच्या पट्टीच्या) खाली फट दिसली. आधी बायकोला वाटलं ग्राउट निघालंय, पांढरं सिमेंट भरलं. पावसाळ्यात ती फट मिटली आणि मधल्या चार फरशा वर आल्या, चालताना पोकळ वाजायच्या. पुढच्या उन्हाळ्यात फट परत आली, तेव्हा त्यात पाच रुपयांचं नाणं आडवं जात होतं.

खरा मार पुढे बसला. फरशीखालून जाणारा बाथरूमचा पाइप न्हाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या भांड्याच्या) जोडाशी निखळला. सगळं सांडपाणी खालच्या मातीत मुरायला लागलं, माती आणखी फुगली, बाथरूमचं दार घासायला लागलं. वास आला तेव्हा कळलं. शेवटी हॉल आणि बाथरूम दोन्ही उकरून, माती घमेल्याने दारातून बाहेर काढून मुरूम भरला. दोन महिने भाड्याच्या खोलीत राहिलो, आई तेव्हा आजारी होती. आज तुमच्याकडे वर छप्पर नाही, जेसीबीचा हात बीमवरून आत जातो. एका दिवसाचं काम आहे. आत्ताच करा.

गोडोलीचा

मी थोडं वेगळं सांगतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं घर, पायातून जे निघालं तेच जोत्यात भरलं. दहा वर्षं झाली, फरशीला केसाएवढीही चीर नाही. त्यामुळे सरसकट घाबरू नये असं वाटतं. वरून एक फूट मुरूम आणि चुना मारला तर चालणार नाही का? निम्मा खर्च वाचेल.

ओळंबा

गोडोलीकर, तुमच्याकडे डोंगराच्या पायथ्याला पायातून निघतो तोच मुरूम असतो. तुम्ही मुरूमच भरलात. कृष्णाकाठच्या रानात ते लागू पडत नाही.

चुन्याचा उपाय खोटा नाही, काळी माती चुन्याने सुधारते. पण त्यासाठी ढेकळं फोडून, भुगा करून, ठरलेल्या प्रमाणात चुना पार आतपर्यंत मिसळावा लागतो. वरून फक्की मारल्याने खालचे दोन फूट तसेच राहतात. तेवढी मजुरी घालण्यापेक्षा मुरूम स्वस्त पडतो.

रातपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. विश्रामबागकर दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं सांगितलंत.

ओळंबा काका, चाचणी केली. मोजनळी लॅबमधल्या मैत्रिणीने दिली. रॉकेल आता रेशनला कुठं मिळतंय, पण आत्यांच्या (सासूबाई) जुन्या स्टोव्हच्या टाकीत होतं. दोन्ही नळ्या देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या. ड्यूटीवरून आल्यावर मामा आणि मी दोघांनी मिळून बघितलं. रॉकेलमध्ये माती 12 वर बसलेली, घट्ट आणि कडा स्वच्छ. पाण्यात 21 वर, वरचा भाग नुसता लगद्यासारखा, नळी कलती केली की तोही हळूच कलायचा. हिशोब 75 टक्के आला. मामा बराच वेळ नळीकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढी फुगती व्हय ही," आणि त्यानंतर ते विरोधात बोलले नाहीत.

आतलं क्षेत्रफळ 640 चौरस फूट आहे.

ओळंबा

75 म्हणजे प्रश्न मिटला.

आता हिशोब. जोतं साडेतीन फूट म्हणजे 42 इंच. त्यात सगळ्यात वर फरशी आणि तिचा माल मिळून दोन इंच, त्याखाली 4 इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), त्याखाली 9 इंच दगडी सोलिंग. हे 15 इंच गेले, उरले 27. रानाचा वरचा 6 इंचांचा थर, मुळंबिळं असतात तो, खरवडून काढा. झाले 33 इंच, म्हणजे पावणेतीन फूट. 640 गुणिले पावणेतीन म्हणजे 1760 घनफूट, साडेसतरा ब्रासच्या थोडं वर, हा दाबून बसलेला. सैल मुरूम पाव हिस्सा जास्त धरा, 22 ब्रास. दोन ब्रासच्या टिपरने अकरा खेपा. कंत्राटदाराचे 30 ब्रास म्हणजे पंधरा खेपा. प्रत्येक खेप साइटवर उतरताना घरचं कुणीतरी हजर राहून वहीत टिपून घ्या.

मुरूम येईल तो हातात घेऊन बघा. चिमूटभर ओला करून तळहातावर वळा. शेवयांसारखी बारीक वळी न तुटता झाली तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा. चांगला मुरूम वळला जात नाही, फुटतो.

भरताना 6 ते 8 इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडायचं, धुम्मस (भराव ठोकायचं वजन) किंवा प्लेट कॉम्पॅक्टर यंत्र, मग पुढचा थर. एकदम तीन फूट ओतून वरून पाइप सोडला तर पाणी कडेकडेने निघून जातं, मधला भाग कोरडाच राहतो. कोपऱ्यांत आणि कॉलमभोवती यंत्र जात नाही, तिथं हाती धुम्मस लागतंच. सोलिंगच्या आधी वाळवीचं औषध मारून घ्या.

आणि एक. करार राहू द्या, नकाशा काढा. इंजिनिअरच्या नकाशात घराचा उभा छेद असतो, त्यात जोत्याच्या आत काय लिहिलंय ते वाचा. करारासोबत नकाशा जोडलेला असेल तर तोही कराराचाच भाग. जोत्याचं बिल दिलंय का?

विश्रामबागकर

भराव करायच्या आधी खालून जाणारे सांडपाण्याचे पाइप ठरवून घ्या. बीमच्या आरपार जायला भोकं ठेवली आहेत का बघा. आमच्याकडे ठेवली नव्हती, मग प्लंबरने छिन्नीने बीमच फोडला. आणि घराभोवती बाहेरून दोन-तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला. छताचं पाणी पायाशी पडू देऊ नका.

रातपाळी

उशिरा लिहितेय, चार दिवस धावपळ होती.

नकाशा उघडला. छेदात बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं आहे, मुरूम भराव, सोलिंग, पीसीसी. तीन महिने तो कागद कपाटात होता आणि मी एकदाही त्या पानावर आले नव्हते. जोत्याचं बिल दिलेलं नाही, बँकेचा हप्ताही जोत्याची तपासणी झाल्यावरच सुटणार आहे. इंजिनिअर साहेबांना साइटवर बोलावलं, कंत्राटदारालाही. भांडले नाही. नकाशा आणि त्या दोन नळ्या समोर ठेवल्या. कंत्राटदार बराच वेळ मजुरीचं रडगाणं गात राहिले. शेवटी माती काढण्याचा जेसीबी त्यांचा आणि ती माती टाकायला न्यायच्या ट्रॅक्टरचं भाडं आमचं असं ठरलं. मुरूम 22 ब्रास, त्यांच्याच दरात. मला हे योग्य वाटलं, कारण करारात शब्द न लिहिण्यात माझाही वाटा होता.

माती निघाली तेव्हा खाली काय काय सापडलं! सिमेंटच्या अकरा पिशव्या, एक फाटकं बारदान, सेंट्रिंगच्या फळीचे तुकडे. ते सगळं माझ्या स्वयंपाकघराखाली राहणार होतं.

पाइपांचं विचारलं तर बीममध्ये भोकं फक्त एका बाथरूमची आहेत, मागच्या मोरीचं राहिलंय. साहेब म्हणाले बीमला हात लावायचा नाही, पाइप बीमच्या खालून घेऊ. विश्रामबागकर दादा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला सुचलंच नसतं.

मामांनी कालपासून खुर्ची टाकलीय साइटवर. बीमच्या आतल्या बाजूने गेरूने दर सहा इंचांवर रेघा मारून घेतल्यात त्यांनी, पोरांना म्हणतात रेघेच्या वर एक घमेलं गेलेलं चालायचं नाही. टिपरच्या खेपा त्यांच्या खिशातल्या डायरीत. ह्यांना रोज संध्याकाळी रेघांचे फोटो पाठवते, तिकडून विचारतात आज कितवी.

आज दुसरी रेघ झाली. हॉलच्या मधोमध टाच दाबून बघितली, ठसा उमटत नाही. कॉलमच्या कोपऱ्यात मात्र अजून मऊ लागतंय, तिथं उद्या सकाळी हाती धुम्मस मारायला सांगितलंय. आठला सुटले की थेट तिकडेच जाते.